गोल्फसाठी क्रूझ निवडताय? जहाज बंदराला किती वेळ थांबतं ते आधी बघा

गोल्फ आणि क्रूझ एकाच सुट्टीत बसवायचं असेल तर माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं. जहाजावर किती रेस्टॉरंट आहेत, किती वॉटरस्लाईड आहेत, सात दिवसांत किती बंदरं होतात, हे सगळं नंतर. आधी हे बघा की जहाज एका बंदराला किती तास लागलेलं असतं. कारण जाहिरातीत लिहिलेलं असतं "पाच बंदरं, प्रत्येक ठिकाणी गोल्फची सोय", आणि माणूस हरखून बुकिंग करतो, पण हिशोब करून बघा जरा. सकाळी आठला जहाज लागलं, की हजारो लोक एकदम उतरणार, तुम्ही बाहेर पडेपर्यंत नऊ, टॅक्सी, कोर्सवर पोचून शूज घालून चार बॉल मारेपर्यंत दहा, अठरा होल्सना चार-साडेचार तास धरा आणि पुढचा ग्रुप हळू असेल तर पाच, म्हणजे तीन वाजले. जहाज पाचला सुटणार असेल तर चार-साडेचारला तुम्ही आत हवे. म्हणजे शेवटचे चार-पाच होल तुम्ही फ्लॅगकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघणार. ज्याला गोल्फ खरंच आवडतो त्याला असं खेळायला लावणं म्हणजे समोर ताट वाढून अर्ध्यातून उठवण्यासारखं आहे.

म्हणून आम्ही अटलांटिकमधलं बर्म्युडा बेट निवडलं. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडून सुटणाऱ्या बर्म्युडाच्या बऱ्याच क्रूझवर जहाज एकाच बंदराला लागतं आणि तिथेच एक-दोन रात्री मुक्काम करतं. आमचं दोन रात्री होतं. जहाज म्हणजे तुमचं हॉटेल, आणि खाली उतरलं की बेट. गोल्फला अख्खा दिवस मिळतो, पाचची घाई नाही, आणि घरातल्या ज्यांना गोल्फमधे काडीचा रस नाही त्यांचाही दिवस कुणामुळे वाया जात नाही. माझ्यासाठी हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं होतं, कारण आम्ही पाच जण होतो, मी, नवरा, मुलगा आणि पुण्याहून आलेले आई-बाबा, आणि त्यात गोल्फवाले फक्त मी आणि बाबा.

बाबा फौजी, आता रिटायर्ड. वेलिंग्टनला स्टाफ कॉलेजच्या कोर्सला असताना त्यांनी निलगिरीच्या त्या चढउतारांवर पहिल्यांदा क्लब हातात धरला आणि मग पोस्टिंग जिथे जिथे गेलं तिथे तिथे गोल्फ गेला. आर्मीची ही एक फार मोठी देणगी आहे असं मला वाटतं, की ज्या घरात गोल्फ हा शब्द कधी कुणी उच्चारला नसता अशा कितीतरी मराठी घरांत तो छावणीतून आला. आता ते येरवड्याच्या कोर्सवर खेळतात, आणि मला त्यांनीच शिकवलं. पण समुद्राच्या काठावरचा, उघड्या वाऱ्यातला कोर्स ते कधी खेळले नव्हते, टीव्हीवर मात्र सगळे बघितलेले. अमेरिकेत आले की इथल्या आमच्या काउंटीच्या कोर्सवर आम्ही जातोच, पण या वेळी मला त्यांना समुद्र दाखवायचा होता.

सामानाचं आधी सांगते कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात. विमानात गोल्फ बॅग म्हणजे वजन, जादा पैसे, आणि पोचल्यावर ड्रायव्हरचं, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचं, डोकं शाबूत आहे ना ही धाकधूक. जवळच्या बंदरातून क्रूझ घेतली तर हे सगळं मिटतं, गाडीतून उतरवायची, टॅग लावायचा, पोर्टरला द्यायची, संध्याकाळपर्यंत केबिनच्या दारात. आम्ही एकाच ट्रॅव्हल कव्हरमधे दोन हाफ सेट नेले, माझे सात आणि बाबांचे सात क्लब, वर एक घडी होणारी हलकी बॅग, म्हणजे कोर्सवर दोघांकडे वेगळी बॅग, कारण एकाच बॅगमधून दोघांनी खेळलेलं बहुतेक कोर्सेसना चालत नाही. केबिन लहान असते, तर कव्हर पलंगाखाली सरकवायचं, आमचं बरोब्बर बसलं. बुकिंगच्या आधी क्रूझ कंपनीला क्लब केबिनमधे ठेवायचे की जमा करायचे हे विचारून घ्या, प्रत्येकाचा नियम वेगळा असतो. आणि सेट न्यायचाच नसेल तर कोर्सवर भाड्याने मिळतो, फक्त टी टाईम, म्हणजे कोर्सवर खेळ सुरू करायची वेळ, बुक करतानाच सांगून ठेवा, डावखुरे असाल तर नक्कीच.

निघालो न्यू जर्सीतल्या बेयॉनहून. इथलं क्रूझ टर्मिनल २००४ पासूनचं, पण त्याआधी ही जागा अमेरिकन लष्कराचं मोठं समुद्री टर्मिनल होती, इथून रणगाडे-तोफा जहाजांवर चढायच्या, हे कळल्यावर बाबांची गाडी रुळावर आली आणि नातवाला लॉजिस्टिक्सवर एक पूर्ण लेक्चर मिळालं. जहाज सुटलं की वर डेकवर नक्की जा, व्हेराझॅनो ब्रिजखालून जाताना अख्खं जहाज वर बघत उभं असतं, पाण्यापासून पूल ६९ मीटरवर आहे पण खालून बघताना वाटतं जहाजाची चिमणी आता घासणार.

मग मधला एक अख्खा दिवस समुद्रात. आता या दिवसात गोल्फ म्हणाल तर जहाजावर मिनी गोल्फ असतो, काही जहाजांवर सिम्युलेटर असतो, पैसे भरून अर्धा-एक तास पडद्यावरच्या कोर्सवर मारायचं. मिनी गोल्फ पोरांसाठी मस्त, वाऱ्यात बॉल स्वतःहून चालायला लागतो त्यामुळे सगळ्यांचा स्कोअर सारखाच. बाबांनी विचारलं की पूर्वी म्हणे जहाजाच्या मागच्या टोकावरून लोक समुद्रात ड्राईव्ह मारायचे, ते कुठे असतं? तर ते खरंच होतं, जहाजावर बॉलच्या बादल्या विकायचे आणि लोक सरळ समुद्रात मारायचे. १९८८ च्या शेवटी मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा समुद्रात कुठलंही प्लास्टिक टाकायला बंदी घालणारा भाग लागू झाला आणि ते बंद पडलं, आणि बरं झालं बंद पडलं. बर्म्युडाच्या भोवती प्रवाळाची कडी आहे, जगातल्या सगळ्यात उत्तरेकडच्या प्रवाळांपैकी, तिथे लाखो बॉल तळाशी जाऊन बसले असते याचा विचारही करवत नाही. आता विरघळणारे, आत माशांचं खाद्य भरलेले बॉल निघालेत, काही यॉटवाले ते वापरतात, पण आमच्या जहाजावर असं काही नव्हतं आणि बाबांनीही परत विषय काढला नाही.

गल्फ स्ट्रीम हा समुद्री प्रवाह ओलांडताना जहाज चांगलं हलतं. आईला गोळी घ्यावी लागली, मुलाला काहीच झालं नाही. हे मी मुद्दाम सांगतेय कारण याचा गोल्फशी थेट संबंध आहे. जहाजातून उतरल्यावरही पहिले काही तास जमीन हलल्यासारखी वाटते, चालताना एवढं नाही जाणवत, पण पटिंगला, म्हणजे ग्रीनवर बॉल हळूच होलमधे ढकलायला, खाली मान घालून उभं राहिलं की जाणवतं, लाईन दिसते एक आणि पाय म्हणतात दुसरंच. म्हणून पोचल्या पोचल्या टी टाईम घेऊ नका. पहिला दिवस फिरा, समुद्रात डुंबा, रात्री झोपा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खेळा. मुक्कामी क्रूझचा फायदा हाच, हे एकदिवसाच्या बंदरात करताच येत नाही.

जहाज लागतं ते किंग्स व्हार्फला, म्हणजे रॉयल नेव्हल डॉकयार्डमधे. ब्रिटिशांनी १८०९ मधे बांधायला घेतलेला आरमारी तळ, पुढे इंग्लंडमधून आणलेल्या कैद्यांकडून दगड फोडून घेऊन वाढवलेला. आता तिथे दुकानं, म्युझियम, फेरी. जुन्या गोदामावर दोन क्लॉक टॉवर आहेत आणि दोन्हीवर वेगळी वेळ, बाबांना वाटलं एक बंद पडलंय, तर एक घड्याळ वेळ दाखवतं आणि दुसरं भरतीची वेळ. घड्याळाचंच निघालंय तर, बर्म्युडा न्यूयॉर्कच्या एक तास पुढे आहे, जहाज आपलं घड्याळ बदलेलच असं नाही, आणि टी टाईम मात्र बेटाच्या वेळेने असते. फोन काय दाखवतो, जहाज काय म्हणतं, कोर्स काय म्हणतो हे आदल्या रात्रीच पक्कं करून ठेवा.

आम्ही खेळलो पोर्ट रॉयल या कोर्सवर. का, तर एक म्हणजे तो डॉकयार्डच्या बाजूलाच, बेटाच्या साऊथॅम्प्टन भागात आहे, टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटं. हे महत्त्वाचं आहे कारण बर्म्युडात वेगमर्यादा ताशी ३५ किलोमीटर, रस्ते अरुंद आणि वळणाचे, आणि टुरिस्टला आपल्यासारखी नेहमीची गाडी भाड्याने मिळतच नाही, दोन सीटच्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्या तेवढ्या मिळतात, त्यात गोल्फ बॅग कुठे ठेवणार. गुलाबी रंगाच्या बस छान आहेत पण त्यात बॅगा घेऊन चढायचं मनातही आणू नका. टॅक्सीच. बेटाच्या दुसऱ्या टोकाला मिड ओशन क्लब आहे, चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्डने १९२१ मधे केलेला, फार नावाजलेला, पण तो प्रायव्हेट आणि डॉकयार्डपासून अख्खं बेट ओलांडून जायचं. पोर्ट रॉयल सरकारी आहे, कुणीही पैसे भरून खेळू शकतं. आणि सरकारी म्हणजे काहीतरी दुय्यम असं समजू नका, रॉबर्ट ट्रेंट जोन्स सीनियरचं डिझाईन, १९७० चा कोर्स, २००९ ते २०१४ पीजीए ग्रँड स्लॅम ऑफ गोल्फ इथेच झाली, म्हणजे त्या वर्षीच्या मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकलेले लोक इथे खेळायला यायचे, आणि २०१९ पासून पीजीए टूरची बर्म्युडा चॅम्पियनशिप इथे होते. आपला अर्जुन अटवालही इथे खेळलाय. ज्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर, ते उभे राहिले तिथे तुम्ही-आम्ही उभं राहू शकतो, गोल्फमधे हे जमतं हे मला अजूनही भारी वाटतं, वानखेडेच्या पिचवर कोण आपल्याला बॅट घेऊन उभं करणार आहे.

टॅक्सीवाले काका गप्पिष्ट होते, टॅक्सीवर निळा झेंडा होता, म्हणजे तो ड्रायव्हर परीक्षा दिलेला गाईडही असतो. पायऱ्या-पायऱ्यांची पांढरी छपरं दाखवून त्यांनी सांगितलं की बेटावर नदी नाही, तळं म्हणावं असं गोड्या पाण्याचं काही नाही, घराचं पाणी म्हणजे छपरावर पडलेला पाऊस, तो खालच्या टाकीत साठवायचा. बाबा लगेच, मग कोर्सला पाणी कुठून घालता? त्यावर बराच वेळ चर्चा चालली, मी खिडकीतून सुरूची झाडं बघत होते. हो, सुरू, आपल्या काशीद-हर्णैला किनाऱ्यावर असतात तीच. १९४० च्या दशकात इथल्या सीडरच्या झाडांवर कीड पडली आणि जवळजवळ सगळी मेली, मग वारा अडवायला म्हणून बाहेरून सुरू आणून लावले. कोर्सवरही आहेत, आणि वाऱ्याने त्यांचा तोच आवाज.

पहिल्या टीवर बाबांनी आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, "कॅडी?" नाहीये बाबा, इथे कार्ट. भारतात खेळणाऱ्याला हे फार चुकल्यासारखं होतं, तिकडे बॅग उचलायला कॅडी असतो, पुढे बॉल बघायला आगेवाला असतो, इथे आपला बॉल आपणच शोधायचा. मग ते खाली वाकले, फेअरवेच्या कडेचं गवत बोटांत धरून बघितलं आणि म्हणाले, "अगं, ही तर हरळी." आणि हरळीच की. गोल्फवाले ज्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात ती जात म्हणजे आपल्या दूर्वा, उष्ण देशातल्या ग्रीन्सवर तिचेच सुधारलेले संकर वापरतात. तिच्यावर पट मारताना ती कुठल्या दिशेला वाढलीय ते बघावं लागतं, वाढीच्या उलट पट असेल तर बॉल अडतो, जरा जोरात मारावा लागतो. बाबा आयुष्यभर हरळीवरच खेळलेत त्यामुळे ग्रीन्सवर ते माझ्यापेक्षा खूप सरस होते, आणि बर्फाळ प्रदेशातल्या बेंट ग्रासवर खेळणारी मी सारखी कमी मारत होते.

पुढच्या टीवरून खेळा, हा माझा सल्ला तरुणांनाही आहे. मागच्या टीवरून कोर्स ६८०० यार्डांच्या वर जातो आणि वारा धरला तर सुट्टीत आलेल्या माणसाला त्यात काही मजा नाही.

सोळावा होल. मागच्या टीवरून २३५ यार्डांचा पार थ्री, म्हणजे तीन फटक्यांत व्हायला हवा असा होल, टी कड्यावर, ग्रीन कड्यावर, आणि मधे समुद्र. पाण्याचा रंग खाली एक आणि जरा पुढे प्रवाळ लागतं तिथे दुसराच. लांब पांढऱ्या शेपटीचे पक्षी कड्याच्या कपारीतून येत-जात होते, लाँगटेल म्हणतात त्यांना, कड्यातच घरटी करतात. आम्ही अर्थात पुढच्या टीवर, तरीही समुद्र मधे येतोच. बाबांनी चिमूटभर गवत वर उडवलं, ते सगळं त्यांच्याच शर्टावर येऊन पडलं. मग बॅगपाशी गेले, आयर्न काढला, परत ठेवला, ड्रायव्हर काढला. पार थ्रीवर ड्रायव्हर, पुण्यात कुणी बघितलं असतं तर. बॉल ठेवायची छोटी खुंटी, तिलाही टीच म्हणतात, जमिनीत अगदी खाली खोचली, पाव इंच वर असेल, बॅकस्विंग अर्धाच घेतला, आणि बॉल जो गेला तो खालूनच गेला, कड्याच्या रेषेत, उजवीकडे निघाला तर वाऱ्याने आत आणला, ग्रीनच्या अलीकडे पडला आणि उसळून पुढच्या कडेला थांबला. ते काहीच बोलले नाहीत. टी शोधायला वाकले, सापडली, खिशात घातली, आणि कार्टमधे न बसता चालत निघाले. मी कार्ट हळूहळू मागून नेत होते. दोन पटमधे पार. माझा बॉल ग्रीनच्या मागे गेला होता, मी चार केले, तेही मला चालण्यासारखे होते.

तिकडे बाकीचे तिघं सकाळी उशिरा उठून, आरामात नाश्ता करून फेरीने राजधानी हॅमिल्टनला गेले, वीसेक मिनिटांत पोचते, मग बसने हॉर्सशू बे. तिथली वाळू गुलाबीसर असते, समुद्रातल्या अगदी बारीक लाल कवचाच्या जिवांचा चुरा त्यात मिसळलेला असतो म्हणून. आईने ओल्या वाळूत तासभर बसून घेतलं, नवऱ्याने आणि मुलाने स्नॉर्कलिंग केलं. संध्याकाळी सहाला सगळे डेकवर भेटलो तेव्हा प्रत्येकाला आपापलं सांगायचं होतं आणि कुणी कुणावर चिडलेलं नव्हतं, गोल्फची सुट्टी म्हटल्यावर अनेक घरांत काय होतं हे ज्यांना माहितीये त्यांना यातली गोम कळेल.

बुकिंगचं थोडक्यात. क्रूझ कंपनीची गोल्फ एक्सकर्शन महाग पडते, पण त्यात नेणं-आणणं असतं आणि त्यांच्या टूरला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं. स्वतः बुक केलं तर स्वस्त, पण उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही. म्हणून एकदिवसाच्या बंदरात एक्सकर्शन घ्या आणि जहाजाचा मुक्काम असेल तर स्वतः बुक करा. टी टाईम मात्र कॅन्सल करता येणारीच घ्या, जून ते नोव्हेंबर अटलांटिकमधे वादळांचा मोसम असतो, जहाज ऐनवेळी बर्म्युडा सोडून दुसरीकडेच जाऊ शकतं. कॉलरचा शर्ट लागतो, जीन्स चालत नाही.

आई-बाबांना नेणाऱ्यांसाठी, बर्म्युडा ब्रिटिशांच्या अखत्यारीतलं आहे, म्हणजे अमेरिकेतून बाहेर पडून परत आत यायचं, तर भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा हवाच, आणि बर्म्युडाचे स्वतःचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा पैसे भरायच्या आधी लेखी विचारून घ्या.

पश्चिमेकडच्या लोकांसाठी हवाई आहे, होनोलुलूहून सुटणारं प्राइड ऑफ अमेरिका हे जहाज माउई आणि कवाईला रात्री मुक्काम करतं, आणि कवाईला नाविलिविली बंदराच्या अगदी जवळ प्रसिद्ध गोल्फर जॅक निकलसने आखलेला कोर्स आहे. शिवाय फक्त गोल्फसाठी आखलेल्या क्रूझही असतात, पेरीगोल्फ, कालोस अशा कंपन्या करतात, स्कॉटलंड-आयर्लंडच्या, छोटी जहाजं, टी टाईम सकट सगळं ठरलेलं, पण खर्च फार, आणि न खेळणाऱ्यांना घेऊन जायचं तर आधी त्यांना विचारा. मुंबईहून सुटणाऱ्या दोन-तीन रात्रींच्या छोट्या क्रूझवर मात्र गोल्फचा हट्ट नको, वेळच पुरत नाही. बाबांना आता स्कॉटलंड करायचंय, इन्व्हरगॉर्डन बंदराला उतरलं की रॉयल डॉर्नॉक हा कोर्स फार लांब नाही, आणि माझं आत्ता तेच शोधणं चालू आहे की कुठलं जहाज इन्व्हरगॉर्डनला संध्याकाळी उशिरापर्यंत थांबतं. उन्हाळ्यात तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणजे दुपारची टी टाईमसुद्धा चालेल. कुणाला माहिती असेल तर कमेंटमधे सांगा.

आणि हो, एक राहिलंच. परत येताना गोल्फ शूजचे तळवे घासून धुऊन घ्या, अमेरिकेत बाहेरची माती आणायला बंदी आहे आणि कस्टम्सवाले विचारू शकतात. आमच्याकडे हे काम बाबांनी केलं, बाथरूममधे बसून, जुन्या टूथब्रशने, सगळ्यांचे, गोल्फ न खेळलेल्यांचे सुद्धा.